शेवटचा टेकू

"फायदा पहिला," आण्णांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि मंडळाचं पत्रक हातभर लांब धरून वाचलं, "अनुभवी सभासदांचे मार्गदर्शन. म्हणजे ज्यांचे स्लॅब गळतात ते आपल्याला शिकवणार."

मी ड्रॉइंग गुंडाळत होते. हसू आलं ते दाबलं.

"फायदा दुसरा. वाचनालयातील ग्रंथ सात दिवसांसाठी घरी. फायदा तिसरा. दरमहा व्याख्यान व अल्पोपाहार." ते थांबले. "हा मात्र खरा असेल."

शनिवारची संध्याकाळ होती. चैत्र नुकताच लागला होता आणि सांगलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात पंखा फिरत असूनही कागद हाताला चिकटत होते. मी चोवीस वर्षांची होते. इंजिनिअर होऊन दोन वर्षं झाली होती आणि ती दोन्ही मी वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या, हाताखाली काढली होती. इमारत दिसेल कशी ते आर्किटेक्ट ठरवतो. ती उभी कशी राहील ते ठरवणं हे आमचं काम. कुठल्या तुळईत किती लोखंड, कुठला खांब किती जाड. या कामात भूपाल मगदूम हे नाव जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षं होतं, आणि ते एकट्याचं होतं. भागीदार नाही, सहायक नाही. माझ्याआधी ऑफिसात दुसरी खुर्चीसुद्धा नव्हती.

स्ट्रक्चरल इंजिनिअरांचं मंडळ गावात होतं, जुनं होतं. आण्णा त्यात नव्हते. त्यांना कधी बोलावलं नव्हतं असं नाही. बोलावणं आता थांबलं होतं. माझ्या वर्गातली दोघं मात्र सभासद झाली होती. त्यांना अडलं की विचारायला माणसं होती. मला अडलं की आण्णा होते. आण्णांना अडलं की काय होतं ते मला माहीत नव्हतं, कारण ते अडलेले मी पाहिलेच नव्हते.

"आणि कागद कुठला नेणार?" पत्रकाची घडी घालत त्यांनी विचारलं.

मंडळाची एक रीत होती, ती सगळ्यांना ठाऊक होती. नव्या माणसानं पहिल्या बैठकीला आपल्या हाताखालून गेलेल्या एका कामाची गणितं बरोबर आणायची आणि टेबलावर मांडायची. बाकीचे ती तपासायचे. याला कागद ठेवणं म्हणत. कागद ठेवल्याशिवाय सभासद होता येत नसे.

"पोर्चचा," मी म्हटलं. "जयसिंगपूरच्या कार्यालयाचा."

जयसिंगपूरला तंबाखूची एक जुनी वखार होती. हातभर जाडीच्या दगडी भिंती, आत उंचच्या उंच मोकळी जागा. मालक तिचं मंगल कार्यालय करत होते. समोर वऱ्हाडाच्या गाड्या लागाव्यात म्हणून दहा फूट पुढे आलेला पोर्च हवा होता, आणि त्याला पुढून खांब नको होते. आण्णांनी तो दाराच्या वरच्या तुळईतून बाहेर काढला होता. गणितं त्यांची, पण स्वच्छ प्रत माझ्या हातची, आणि ड्रॉइंग सगळं माझं. दोन वर्षांत माझ्या हातून इतकं सुबक काम दुसरं झालं नव्हतं.

आण्णा खिडकीतून समोरच्या सायकलच्या दुकानाकडे बघत राहिले.

"ने," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "शाईची प्रत ने. झेरॉक्समध्ये आकडे पुसट येतात."

पोर्चचं काँक्रीट तीन आठवड्यांपूर्वी ओतलं होतं. सोमवारी सकाळी दहाला त्याच्या खालचं सेंट्रिंग खोलायचं होतं, म्हणजे तोवर ज्या लाकडी टेकूंवर तो पेलला होता ते काढायचे होते. हा दिवस आण्णा चुकवत नसत. पुढे आलेला कुठलाही स्लॅब असो, शेवटचा टेकू निघताना ते त्याच्या बरोबर खाली जाऊन उभे राहत, हात मागे बांधून. वर बघत नसत, समोर बघत. सेंट्रिंगवाले सांगत, मगदूमसाहेब खाली असले की आम्हांला हातोडा मारायला भीती वाटत नाही. लहानपणी मी हे एकदा पाहिलं होतं आणि कित्येक दिवस वर्गात सगळ्यांना सांगत सुटले होते.

*

मंडळाची खोली एका छापखान्याच्या वर होती. रविवार असल्यामुळे खालची यंत्रं बंद होती. मधोमध लांब टेबल, भिंतीला दोन कपाटं पुस्तकं, आणि टेबलावर एका पेल्यात पेन्सिली. दुसऱ्याच्या कागदावर शाईनं खूण करायची नाही, हा तिथला नियम. आठ जण होते. कबाडे नावाचे एक जाडसर गृहस्थ मला बघून म्हणाले की मगदूमांच्या घरातलं माणूस या जिन्यानं वर आलं, तेव्हा आज पेढे आम्ही वाटायचे की तू, ते आधी ठरू दे. सगळे हसले. मीही हसले. पोहे खरोखरच चांगले होते.

अध्यक्ष नाडगौडा सत्तरीचे होते. धरणांच्या कामावरून निवृत्त झालेले, बारीक आवाजाचे. त्यांनी माझं अक्षर पाहून मान डोलावली. पानं एकामागून एक टेबलाभोवती फिरली. लोखंड तपासलं गेलं, जाडी तपासली गेली. पेन्सिली फारशा हलल्या नाहीत. मी मनातल्या मनात घरी जाऊन आण्णांना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होते.

मग नाडगौडांनी एक पान परत मागून घेतलं.

"या तुळईच्या वर काय आहे?"

"काच."

"भिंत नाही?"

"होती, सर. मालकांना दर्शनी भागात रंगीत काच हवी झाली, म्हणून मागच्या महिन्यात भिंत रद्द केली." आणि मी उत्साहानं पुढे सांगितलं, "उलट बरंच झालं. तुळईवरचा भार एकदम उतरला."

कबाड्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

नाडगौडांनी खिशातली लाकडी फूटपट्टी काढली. ती टेबलाच्या कडेवर ठेवली, बहुतेक सगळी बाहेर, आणि आतलं टोक अंगठ्यानं दाबून धरलं.

"हा तुमचा पोर्च," ते मला म्हणाले. "तुळई नुसती दगडी भिंतींवर टेकलेली आहे. मागे वखार मोकळी, म्हणजे मागून धरायला स्लॅब नाही. मग याला कोण धरतं?"

मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते.

"चौदा फूट विटांची भिंत," ते म्हणाले आणि अंगठा उचलला. पट्टी फरशीवर पडली.

आमच्या धंद्यात भिंत म्हणजे ओझं. ती कुठून तरी खाली उतरवायची, कुणाच्या तरी माथी मारायची. एखादी भिंत रद्द झाली की आम्ही सुटकेचा श्वास टाकतो आणि जुनं गणित तसंच ठेवतो, कारण जास्त भाराला जे पुरलं ते कमी भाराला पुरणारच. शंभरांतल्या नव्याण्णव वेळा हे खरं असतं. गवंड्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, भिंत काढली तर पोर्च पुढे कलंडेल की. आम्हांला दोघांना, शिकलेल्यांना, ते दिसलं नव्हतं.

"सेंट्रिंग कधी खोलणार?" नाडगौडांनी विचारलं.

"उद्या. दहा वाजता."

"खाली किती माणसं?"

"पाच-सहा." मग मी आण्णा काय करतात ते सांगितलं. ते सगळ्यांना माहीत होतं असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं, तरी कुणी मला मध्ये तोडलं नाही.

नाडगौडांनी मला बाजूच्या गच्चीवर नेलं. तिथं त्यांनी मला कुपवाड्यांची गोष्ट सांगितली. मी तोवर ते नावसुद्धा ऐकलं नव्हतं. कुपवाडे मंडळाचे सभासद. पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या एका इमारतीचा सज्जा खचला. कुणाला इजा झाली नाही. तपासणीला माझ्या वडिलांना बोलावलं गेलं आणि त्यांनी अहवाल भर सभेत वाचला, कुपवाड्यांच्या समोर. त्यानंतर कुपवाडे ऑफिसात गेले नाहीत. माणसांत येणं बंद केलं. वर्षाच्या आत गेले.

"तुझ्या वडिलांच्या अहवालात एक अक्षर चूक नव्हतं," नाडगौडा म्हणाले. "पण आम्ही सगळे त्या सभेला होतो आणि गप्प बसलो. नंतर कपाटात त्यांचे कागद सापडले. त्या सज्ज्याचं गणित त्यांनी स्वतःच चार वेळा परत केलं होतं, सज्जा खचायच्या आधी. त्यांना कळलं होतं. आणि दर महिन्याला ते इथं येऊन चहा पिऊन जात होते." त्यांनी आत टेबलाकडे पाहिलं. "तेव्हापासून कागद ठेवायची रीत आहे. पत्रकात ते छापत नाही."

मग त्यांनी विचारलं, मी येऊ का तुझ्या घरी? मी नको म्हटलं. कागद मी ठेवला होता. सांगायचं मीच, अशीही तिथली रीत होती.

"उद्या दहाच्या आत आम्ही जयसिंगपुरात असू," ते म्हणाले. "भूपाल चिडला तर चिडू दे."

*

घरी आले तेव्हा दुपार झाली होती. आई जैन बस्तीत दर्शनाला गेली होती. आण्णा जेवणाच्या टेबलाशी बसून ब्लेडनं पेन्सिलींना टोकं काढत होते. एक झाली की कागदावर ओळीत ठेवत होते.

"काय म्हणतंय मंडळ?"

"पोहे चांगले होते."

"मी म्हटलं होतं."

मी पिशवीतून ते पान काढून त्यांच्यापुढे ठेवलं. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं गेलं. नाडगौडांनी तुळईच्या वर पेन्सिलीनं एक लहान गोल केला होता, तेवढाच. आण्णांचा चष्मा बाजूला पडला होता. तो त्यांनी उचलला नाही.

"तुळईच्या वर खूण आहे ना?" ते म्हणाले.

चष्म्याशिवाय त्यांना हातातलं वर्तमानपत्र दिसत नसे. मी खुर्ची ओढून बसले.

"कधीपासून माहीत आहे?"

"गेल्या शनिवारी. स्कूटरवरून येताना. अंकलीच्या पुलावर." त्यांनी ब्लेड कागदात गुंडाळलं. "गाडी बाजूला घेतली आणि उभा राहिलो. मागचा ट्रकवाला शिव्या देऊन गेला."

"मग मला तो कागद नेऊ का दिलात?"

यावर ते बराच वेळ विचार करत बसले. आण्णा प्रश्नाला उत्तर देण्याआधी नेहमीच थांबत, पण ते थांबणं हिशेब करणाऱ्याचं असे. हे तसं नव्हतं.

"त्यांना दिसणार नाही असं वाटलं," ते म्हणाले. "आणि दिसेल असंही वाटलं."

"आण्णा, आठ दिवस. सांगायचंत ना."

"कुणाला?"

ते मला चिडवत नव्हते. खरंच विचारत होते. मी 'आईला' म्हणणार होते, 'मला' म्हणणार होते. त्यांनीच पुढे सांगितलं की त्यांनी माणसं आठवून पाहिली, एकेक करून. मालक नको, तो गावभर करेल. तुझी आई नको, ती देवाला सांगेल. तुझं नाव आलं. "पण तुला मीच शिकवलं," ते म्हणाले. "मला जे दिसलं नाही ते तुलाही दिसलं नाही. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस. मला कुणीतरी तपासणारं हवं होतं."

मी रडत नव्हते, पण त्यांचं खरं होतं.

"कुपवाडेला मी सभेत विचारलं होतं," ते मधेच म्हणाले, "तुम्हांला झोप कशी लागते? लोक हसले होते. मला वाटलं, काय मुद्द्याचं बोललो."

मी त्यांना सांगितलं की टेकू काढायचे नाहीत, भिंत परत घ्यायची, काच रद्द करायची, मालकाशी मी बोलते. नाडगौडा आणि बाकीचे सकाळी येताहेत हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"उद्या बघतो," ते म्हणाले, आणि पुढची पेन्सिल घेतली.

*

सोमवारी मी उठले तेव्हा ते घरात नव्हते. आईनं सांगितलं, साडेसहालाच गेले, चहासुद्धा घेतला नाही, तू झोपलीयस तर उठवू नको म्हणाले. मी तशीच स्टँडवर गेले. जयसिंगपूरची एसटी भरलेली होती. मी दांडीला धरून उभी राहिले आणि आठ वाजायला किती मिनिटं आहेत ते पुन्हा पुन्हा बघत राहिले. दहाला अजून दोन तास होते. काही होणार असेल तर दहाला होणार होतं, असं मी स्वतःला सांगत होते.

वखारीच्या बाहेर कडुलिंबाखाली रसूल मिस्त्री आणि त्यांची चार माणसं चहा पीत बसली होती. रसूल मिस्त्री आण्णांच्या कामांवर वीस वर्षं सेंट्रिंग करत होते. मला बघून ते उठले.

"ताई, तुम्ही कशाला आलासा? आज आमालाच काम न्हाई."

मी विचारलं, म्हणजे काय.

"साहेबांनी शुक्कुरवारीच सांगितलंय. सोमवारी माणसं लांब बसव, टेकू मीच काढतो. वीस वर्सांत पयल्यांदा." ते हसले. "मी म्हनलं, साहेब, आमचं पोट मारतासा काय?"

शुक्रवारी. शनिवारी संध्याकाळी ते पत्रक वाचून चेष्टा करत होते, त्याच्या आदल्या दिवशी.

मी पोर्चकडे पाहिलं. पुढच्या दोन ओळींतले टेकू आडवे पडले होते, नीट रचून ठेवल्यासारखे. तिसऱ्या ओळीतला एकच उभा होता, मधला. बाकी पोर्च तुळईजवळच्या शेवटच्या ओळीवर होता. आण्णा मधल्या टेकूशी उभे होते. टेकूच्या बुडाशी लाकडी पाचर असते, ती ठोकून टेकू ताठ केलेला असतो. ती निघाली की टेकू सुटतो. आण्णांच्या हातात हातोडा होता. तो लोंबत होता. अंगात धुतलेला पांढरा सदरा होता.

मी पळाले नाही. रसूल मिस्त्रींना कळेल असं मी काही केलं नाही. चालत गेले आणि पोर्चच्या सावलीत शिरले. वखारीतून तंबाखूचा वास येत होता, इतक्या वर्षांनंतरही. वर दहा फूट काँक्रीट होतं. त्याचं ड्रॉइंग मी केलं होतं, त्यातली प्रत्येक सळी मला माहीत होती.

आण्णांनी मला पाहिलं. "बाहेर हो," ते म्हणाले.

"तुम्ही चला."

"त्रिशला, बाहेर हो."

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. हात मागे बांधले. ते उभे राहत तशी, समोर बघत. बाहेर उन्हात रसूल मिस्त्रींनी कुणाला तरी तंबाखू मळून दिली. ते आमच्याकडे बघत नव्हते.

"मला बघायचं होतं," आण्णा म्हणाले.

"काय?"

"धरतोय का."

"नाही धरणार."

"हं," ते म्हणाले. "नाही धरणार."

आम्ही तसेच उभे होतो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग ते खाली बसले, गुडघ्यावर, आणि एका क्षणी मला कळेना की आता काय होणार. त्यांनी पाचर उलट बाजूनं ठोकली. आत. एक, दोन, तीन घाव. टेकू कचकचला आणि ताठ झाला. त्यांनी त्याला हात लावून पाहिला, नेहमी पाहत तसा.

"रसूल," त्यांनी हाक मारली. "पुढच्या ओळी परत लाव."

रसूल मिस्त्री आले. त्यांनी काही विचारलं नसतं. आण्णांनीच त्यांना सांगितलं, उभ्या उभ्या, चारही माणसं ऐकत असताना, की माझं गणित चुकलं, हा पोर्च पडणार होता. मी त्यांच्या तोंडून असं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. त्यांना ते नीट म्हणता येईना; दोनदा सुरुवात करावी लागली.

रसूल मिस्त्रींनी वर पाहिलं, मग आण्णांकडे पाहिलं. "साहेब," ते म्हणाले, "आमचं तर रोज चुकतंय. तुमी बघतासा म्हनून कळतंय." आणि माणसांना म्हणाले, "उठा रे. काम निगालं."

नाडगौडा आणि तिघं जण पावणेदहाला आले. टेकू तोवर परत लागले होते. मला वाटलं होतं अवघड होईल, पण कबाड्यांनी आल्या आल्या विचारलं की मगदूम, इथं बसायला काही आहे का, माझे गुडघे गेलेत. सिमेंटच्या पोत्यांवर फळी टाकली. आण्णांनी आपल्या पिशवीतून कागद काढले, आणि पाचही जण डोकी खाली घालून बसले. भिंत परत घ्यायची की मागून तुळया घालायच्या यावर त्यांची चांगलीच जुंपली. आण्णा एकदा म्हणाले, हे मला दिसलं नाही. नाडगौडा म्हणाले, मलाही भिंतीचं विचारायचं सुचलं ते नशीब.

मी वखारीमागे गेले आणि तिथं ओकले.

भिंत परत आली. मालक महिनाभर बोलले नाहीत, मग बोलले. त्या पोर्चखाली आजवर किती वराती उतरल्या असतील. पुढच्या महिन्यात आण्णांनी मंडळात कागद ठेवला, सत्तावन्नाव्या वर्षी, नवा सभासद म्हणून. त्यानंतर वीस वर्षं आम्ही दर महिन्याला त्या जिन्यानं बरोबर वर गेलो. नव्यानं आलेल्याला आण्णा गणितातलं काही विचारत नसत. एवढंच विचारत, हे आधी कुणाला सांगितलंयस का.

त्या सकाळबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. शुक्रवारी रसूल मिस्त्रींना काय सांगितलं होतं ते मला कळलं आहे, हे आण्णांना माहीत होतं की नाही, ते मला माहीत नाही. पुढच्या दोन ओळी काढून झाल्यावर ते त्या मधल्या टेकूशी किती वेळ उभे होते, हेही नाही. कशासाठी थांबले होते, तेही विचारायचं राहिलं.

गेल्या श्रावणात आण्णा आजारी पडले. ब्याऐंशी वर्षांचे होते. दवाखान्यात तिसऱ्या दिवसापासून त्यांना माणसं ओळखू येईनात. मला ते रसूल म्हणायचे, कधी नाडगौडा म्हणायचे. दुपारी मी उशाशी बसले होते, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि एकदम स्वच्छ आवाजात विचारलं,

"माणसं बाहेर गेली का?"

"गेली, आण्णा."

"सगळी?"

मी हो म्हणणार होते. त्यांचा उजवा हात चादरीवर थोडा वर उचलला गेला होता, मूठ वळलेली.

"मी आहे अजून," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, सांगता येत नाही. हात हळूहळू खाली आला.

"मग थांबतो," ते म्हणाले.

दोन दिवस मी खोलीतून हलले नाही. परिचारिका म्हणाली, ताई, जरा घरी जाऊन अंघोळ करून या, मी आहे इथं, त्यांचं सगळं ठीक चाललंय. गुरुवारी सकाळी मी तासाभरासाठी घरी गेले. परत आले तेव्हा ते थांबले नव्हते.